अष्टमकरांची सही

रेती विकत घेताना लोक ती मुठीत दाबून बघतात, पाण्यात ढवळून बघतात. एलियाह अष्टमकर ती जिभेवर ठेवत. ट्रक रिकामा व्हायचा असे, ड्रायव्हर विडी पेटवत असे, आणि हे पांढऱ्या शर्टातले, छत्री काखेत मारलेले गृहस्थ मागच्या फळीतून चिमूटभर रेती उचलून तोंडात टाकत. जरा वेळ डोळे मिटत, मग बाजूला थुंकत आणि म्हणत, खारट आहे, धुतल्याशिवाय चालणार नाही. खाडीची रेती खारट असते हे आमच्या पेण तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण त्या मिठाने आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते, हे आम्हाला कोणी धड सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर लोकांनी त्यांना चाटूसाहेब असं नाव पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना त्याची काही फिकीर नव्हती.

मी मालू. हमरापूरची सून, प्राथमिक शाळेत मास्तरीण. आमच्या घरात गणपती घडतात, म्हणजे माझा नवरा शिवा आणि माझी सासू विमलबाई घडवतात. मी फार तर उंदीर रंगवते. माझी जीभ तिखट आहे असं सासरी सगळे म्हणतात आणि मी ते कधी खोटं ठरवलं नाही. पण या गोष्टीत जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प बसले, आणि त्याचा भुर्दंड अष्टमकरकाकांना पडला. १९९५ च्या सप्टेंबरात आमच्या नव्या घराच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. ती झाली की ते बायकोला घेऊन लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला इस्रायलला जाणार होते, तिकिटं निघालेली होती. ती सही रखडली.

काका मूळचे रोह्याजवळच्या अष्टमीचे, कुंडलिकेच्या पलीकडच्या काठचे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विसाव्याच्या वारी, तो बंद असे. काका सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाले, तरी शनिवारचा नेम त्यांनी सोडला नाही. खात्यात यावरून थट्टा होई. ते रविवारी काम करून फिट्टंफाट करत. पुढे बदली होऊन पेणला आले आणि तिथेच राहिले. त्यांची माणसं एकेक करून निघून गेली होती. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि पेणमध्ये ते जमेनात. सणाच्या दिवशी रोह्याहून, अलिबागहून कोणी आलं तर प्रार्थना होई. लेक डेबोरा लग्न होऊन जावयाबरोबर तिकडे गेली त्याला सात वर्षं झाली होती. रेबेकाकाकूंनी तेव्हापासून ट्रंका माळ्यावर चढवल्याच नव्हत्या. काका म्हणत, निवृत्त झालो की जाऊ. आणि निवृत्त व्हायला सहा महिने उरले असताना किल्लारी झाली.

गणपती विसर्जन करून आम्ही दमून निजलो होतो त्याच पहाटे तिकडे जमीन हलली. आमच्याकडे भांडंसुद्धा वाजलं नाही. काकांना ऑक्टोबरात पाहणीच्या कामावर तिकडे धाडलं आणि ते पौषात परत आले. काय पाहिलं ते त्यांनी कोणाला फारसं सांगितलं नाही. एवढंच सांगत, की फॉर्ममध्ये घराची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, दगड की वीट असे रकाने होते. ते भरताना उरलेली माणसं स्वतःहून सांगत सुटायची: इथे आई निजली होती, इथे दोन पोरं, मी बाहेर अंगणात होतो. त्याला फॉर्मात रकाना नव्हता. काका ते मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घ्यायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काकू म्हणाल्या की हा माणूस परत आल्यावर स्वतःच्या घरातली खाट तीनदा हलवून बसला.

त्याच सुमाराला दिल्लीहून बांधकामाच्या नियमांची नवी पुस्तकं निघाली. हळूहळू आमच्याकडेही घराच्या परवानगीच्या कागदांना एक नवा तक्ता जोडावा लागू लागला. जोत्यावर पट्टा आहे का, दारा-खिडक्यांवर पट्टा आहे का, कोपऱ्यात उभी सळई आहे का, रिंगांची टोकं कशी वळवली आहेत, आणि खाली जाणकाराची सही. लोक वैतागले. गवंड्यांनी कपाळावर हात मारला. वाडवडील काय पडक्या घरात राहत होते का, असं जो तो विचारू लागला. सही देणारे निघालेच. साइटवर पाऊल न टाकता सही देणारे. काका मार्चात निवृत्त झाले आणि एप्रिलपासून सायकलवर टांग मारून पेणमधल्या बांधकामांवर फिरू लागले. लांबचं असलं तर एसटीने. गडब, नागोठणे, थेट रोह्यापर्यंत. काकू म्हणाल्या, जायचं कधी? काका म्हणाले, एवढा एक पावसाळा जाऊ दे. असे दोन गेले.

त्यांची शिकवायची रीत मी जवळून पाहिली, आणि शिक्षक म्हणून सांगते, मला डी.एड.ला दोन वर्षांत कोणी एवढं शिकवलं नाही. ते नियमाने सुरुवात करतच नसत. धाटावच्या कंपनीत ऑपरेटर असलेला एक गृहस्थ रोह्याला घर बांधत होता आणि त्याला अगदी कोपऱ्यावर खिडकी हवी होती. नियमाप्रमाणे कोपऱ्यापासून दोन फूट सोडायला हवेत. दुसऱ्या कोणी पुस्तक दाखवलं असतं. काकांनी विचारलं, खिडकी कशाला रे तिथेच? तो म्हणाला, रात्रपाळी करून दिवसा झोपायचं, वारा पाहिजे. काका त्याच्याबरोबर दुपारभर त्या अर्ध्या भिंतीत बसून राहिले, वारा कुठून येतो ते बघत. कोपरा सोडून दक्षिणेला अडीच फुटांवर जास्त येत होता. खिडकी तिथे गेली आणि त्या माणसाला आपण नियम पाळला हे कळलंसुद्धा नाही.

आणि ते प्रत्येकाला विचारत: कोण कुठे निजणार? नवराबायको, म्हातारी, पोरं, पाहुणा आला तर तो. नकाशात खाटा काढत. लोक हसत, काही जणांना ते आगाऊपणाचं वाटे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूने सांगून टाकलं, "मी समोरच्या भिंतीला निजते. आता हिला पोर झाली की ती माझ्यापाशीच निजणार." माझं पोट तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. काकांनी समोरच्या भिंतीजवळ दोन खाटा काढल्या, एक मोठी, एक छोटी.

आमचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा गिलावा. नवं घर विटांचं, खाली बारा फूट उंचीचा गणपतीचा कारखाना, त्याच्याच अंगाला राहायच्या दोन खोल्या, वर स्लॅब. सासू मात्र खोलीत निजणार नव्हती. तिने जन्मभर मूर्तींच्या सोबतीने झोप काढलेली, ती कारखान्यातच दाराशेजारी समोरच्या भिंतीला निजणार होती. नोव्हेंबरात पाया खणला. गवंडी काम आमच्या मागच्या कातकरवाडीतल्या दामूने घेतलं. दामू तिशीचा, हाडकुळा, बोलायला लाजाळू. वाचता येत नव्हतं, पण ओळंबा लावला की त्याची भिंत सुतासारखी येई.

ओटीच्या खांबांच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आवळून धरणारी लोखंडी कडी, आधी कोणीतरी वळवून दिल्या होत्या, टोकं काटकोनात. काकांनी एकेक बाजूला टाकली. टोक वळवून पार आतल्या बाजूला, काँक्रीटच्या गाभ्यात घुसायला हवं. नाहीतर खांब हलला की रिंग उघडते आणि उभ्या सळया फाकतात. त्यांनी आकृती दाखवली. दामू आकृतीकडे बघून हो हो करत राहिला, म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं. मग काका खळ्यावर गेले आणि पेंढ्याचा एक भारा उचलून आणला. त्याला गवताचा बंद बांधलेला होता. त्यांनी बंदाचं टोक नुसतं वरच्या वर वळवून ठेवलं आणि दामूला भारा डोक्यावर घेऊन विहिरीपर्यंत चालायला लावलं. सात-आठ पावलांत बंद सुटला आणि दामूच्या अंगावर पेंढा पसरला. आम्ही सगळे हसलो, दामूही. "तुझी बायको कसा बांधते?" काकांनी विचारलं. दामू म्हणाला, "आमची पारी टोक पिळून आत खोचते." मग तो एकदम थांबला, एक रिंग उचलली, टोकाकडे बघितलं आणि पुढे काही सांगावंच लागलं नाही. त्या दिवसापासून तालुक्यात दामूसारखी रिंग कोणी वळवत नसे. गवंडी त्याच्याकडे बघायला यायचे.

पट्ट्याचं काकांनी मला समजावून सांगितलं होतं. चारी भिंतींवरून, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून फिरणारी काँक्रीटची सलग पट्टी, आत सळया. जमीन हलली की चार भिंती चार दिशांना जाऊ बघतात, पट्टा त्यांना एकत्र धरतो. ते म्हणाले, हा घराचा करदोटा समज. एका जागी तुटला की गळून पडला. मी चहाचा कप हातात घेऊन हे ऐकलं होतं. मला कळलं होतं. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते न कळता झालं असं मला म्हणता येणार नाही.

मे महिन्यात घर उभं राहिलं. फरशी आणि रंग बाकी होता, म्हणून सही पुढे ढकलली. काका म्हणाले, गणपती उरकू देत, मग शेवटचं बघतो आणि सही करतो. दाखला मिळाल्याशिवाय कारखान्याला वीज मिळणार नव्हती, पण एक हंगाम आम्ही कंदिलावर काढू शकत होतो. एप्रिलात आमची मुलगी झाली. जूनपासून सासू आणि ती समोरच्या भिंतीला निजू लागल्या.

त्या वर्षी पनवेलच्या एका मंडळाने नऊ फुटी गणपती सांगितला. सासूने तो नव्या कारखान्यात बसवला, बारा फूट उंची होतीच. दार होतं सात फुटी. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं, पण काळजी म्हणून नाही. आमच्या घरात तीन पिढ्या मोठा गणपती दारातून निघतच नाही. कुडाची भिंत सोडवायची, मूर्ती उभी बाहेर काढायची, नारळ फोडायचा आणि भिंत पुन्हा लिंपून टाकायची. हमरापुरातल्या कुडाच्या घरांत कितीतरी जण असंच करत. मूर्ती आडवी नेली तर सोंड नाहीतर हात जातो, आणि देवाला आडवं न्यायचं तरी कसं? भिंत उघडणं आमच्याकडे शुभ मानतात. सासू म्हणे, ज्या वर्षी भिंत उघडली ते वर्ष चांगलं गेलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ट्रक आला. पाऊस थांबून थांबून पडत होता, मंडळाची पोरं घाई करत होती. शिवाने दारावरच्या विटा काढल्या आणि खाली पट्टा लागला. मी ओटीवर मुलीला घेऊन उभी होते. म्हटलं, काकांना विचारून मग काय ते करा. शिवा म्हणाला, पेणला जाऊन यायला दोन तास, ट्रक थांबणार आहे का? सासू म्हणाली, भिंत ती भिंत, परत लिंपायची. मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. आडवं पडायला हवं होतं. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी मी घर डोक्यावर घेते. पण ट्रकभर माणसं बघत होती, मूर्तीवर प्लास्टिक ओढून पोरं भिजत होती, आणि मी मुलीला घेऊन आत गेले. हातोड्याने काँक्रीट फुटलं. सळया हॅक्सॉने कापायला अर्धा तास लागला. चांगल्या सळया होत्या.

गणपती उभा निघाला, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी शिवाने दारावर सागाची फळी टाकून वर विटा रचल्या आणि गिलावा केला. चार दिवसांनी चुना मारला. कुठे काय झालं हे शोधूनही सापडलं नसतं. दामू त्या दिवसांत नव्हता, लावणीनंतर घाटावर मजुरीला गेला होता. तो असता तर मला वाटतं त्याने हॅक्सॉ हिसकावून घेतला असता.

गणपतीनंतर चार दिवसांनी काका आले. नवा शर्ट घातला होता. आठ दिवसांवर विमान होतं. आनंदात होते, इतके की सासूला सांगून टाकलं, मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता असते आणि नातवाला मांडीवर घेऊन आजा बसतो. त्यांच्या स्वतःच्या वेळी त्यांचा आजा अष्टमीत असाच बसला होता. मग घरभर फिरले. कोपरे बघितले, ओटीचे खांब बघितले, समोरच्या भिंतीसमोर उभे राहून तिच्यावर हात फिरवला आणि चुना छान बसलाय म्हणाले. शिवा माझ्याकडे बघेना. काकांनी ओटीवर बसून पिशवीतून कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं.

मी खरं सांगते, त्या घटकेला मी दोन्ही बाजूंनी हिशेब केला. नाही सांगितलं तर काय होतं? भूकंप काही रोज होत नाही. आपल्याकडे होईलच असं कुठे आहे? म्हातारा-म्हातारी सुखाने लेकीकडे जातील. सांगितलं तर त्यांचं जाणं मोडेल, कारण हा माणूस असं घर सोडून जाणार नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. माझा सगळा विचार गप्प बसण्याकडे गेला होता. तेवढ्यात सासूने मुलीला आणून त्या भिंतीपाशी तिच्या वाकळीवर टाकलं, दुपारी टाकायची तसं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"काका, सही करू नका. पट्टा कापलाय."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी आधी उठून मुलीची वाकळ ओढत ओढत मधल्या खोलीत नेली, मुलीसकट. मग परत आले आणि कुठे, किती, कशाने असं विचारलं. शिवाने सगळं सांगितलं. भिंत उघडायची आमची रीत सासूने सांगितली, गुर्मीत सुरुवात केली आणि शेवटी तिचा आवाज बारीक झाला. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी हाय. घरात माणसं किती, कोण कुठं निजतं, समदं विचारलं. देव केवढा ते विचारलं नाय."

मी म्हटलं, तुम्ही जा, दामू परत आला की तो करेल, त्याला येतं सगळं. ते म्हणाले, दामू करेल, माझ्यापेक्षा चांगलं करेल, पण दामूच्या सहीला कोण विचारतो? आणि न बघता सही मी करत नाय. मी म्हटलं, मग सही राहू द्या, वीज नको आम्हाला. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. ते सहीपायी थांबत नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पेणला रेबेकाकाकूंकडे गेले. काकू ट्रंकेतून काकांचे कपडे बाहेर काढत होत्या, फक्त काकांचे. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत घड्या करत बसल्या. मी जमेल तशी माफी मागितली.

"राग आलाय मला तुझा, मालू," त्या म्हणाल्या. "तू बोलली नसतीस तर मी त्याला घेऊन गेले असते, नि मला कधी कळलंपण नसतं. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू." मग त्यांनी विचारलं, पोर आता कुठे निजते? मी म्हटलं, मधल्या खोलीत. त्या म्हणाल्या, "तिथंच निजव. नि जेवून जा, भात टाकलाय." मी जेवले. माशाची आमटी होती, नारळाच्या दुधातली. वीस तारखेला त्या एकट्या गेल्या. सत्तावन्न वर्षांची बाई, मुंबईच्या पलीकडे कधी न गेलेली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात लोणच्याची बरणी घेऊन विमानात बसली. काका त्यांना पोचवून दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटीवर हजर होते.

दामूला निरोप धाडला होता, तो आला. त्याने भिंत बघितली, शिवाकडे बघितलं आणि जमिनीवर थुंकला. एवढंच. काकांनी नवं काम आखलं. दाराच्या दोन्ही बाजूंना पायापासून स्लॅबपर्यंत खांब, दहा फुटांवर तुळई. कापलेला पट्टा दोन्हीकडून खांबात शिरणार, खांबातून वर चढणार, दाराच्या डोक्यावरून जाणार आणि पलीकडे उतरून परत आपल्या वाटेला लागणार. आत कुठेही खंड नाही. मधली जागा मोकळी, दहा फूट उंच, सहा फूट रुंद. गणपती उभा जाईल, भिंतीला हात लावायला नको. सासूने काठी घेऊन स्वतः मापलं. मुकुटाच्या वर वीतभर जागा ठेवा म्हणाली. काकांनी वीतभर ठेवली.

स्लॅबला टेकू लावले, जुनी भिंत उतरवली, रेती तीन पाण्यांनी धुतली. काकांनी दरवेळी चाखली. खांब भरले, मग तुळई. मग पाणी मारायचं, दिवसातून चार वेळा, गोणपाटं ओली ठेवून. हे काम काकांनी स्वतःकडे घेतलं. सकाळच्या एसटीने येत, दुपारी आमच्याकडे जेवत, संध्याकाळी जात. शनिवारी येत नसत. शनिवारचं पाणी मी मारायचे. शिवा त्यांच्याशी नजर चुकवत वागायचा, पण त्याने त्या महिनाभरात त्यांना एक घडा उचलू दिला नाही.

गावातल्या एसटीडी बूथवर निरोप यायचा ठरलं होतं. २ ऑक्टोबरला दुपारी बूथवाल्याची बायको पळत आली. मुलगा झाला होता, डेबोरा बरी होती. काकांनी दामूला पेढे आणायला पाठवलं, सगळ्यांना वाटले, स्वतः खाल्ला. आणि परत गोणपाटांवर पाणी मारायला गेले. त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच मारलं, अंगणात चिखल झाला.

नऊ तारखेला, सोमवारी, तुळईच्या फळ्या काढल्या. दामूने एकेक टेकू सोडवला, काका खाली उभे राहून वर बघत होते. कुठे भेग नाही, कुठे पोकळी नाही. दामूने तुळईवर हातोडीने टकटक केलं, काकांनी मान हलवली. मग ते ओटीवर बसले, पिशवीतून तेच कागद काढले, तेच टोपण उघडलं आणि सही केली. सही त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही. मी कागद घेतला आणि आभार मानायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "आज आठवा दिवस, मालू."

मला लगेच कळलं. तिकडे त्या वेळी काय चाललं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं, आणि आज्याच्या जागी कोण बसलं असेल ते दिसेना. ते रडत नव्हते. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून बसले होते, मांडी सरळ करून, आणि समोरच्या नव्या दरवाजाकडे बघत होते. मी जन्मात कधी एवढी शरमले नाही.

सासू आतून आली. ती सगळं ऐकत होती. महिनाभर ती काकांशी कामापुरतंच बोलली होती. भिंत उघडायची रीत तिची होती, आणि आपण चुकलो हे तिच्या तोंडून निघणं कठीण. त्या दिवशीही निघालं नाही. तिने आमच्या मुलीला आंघोळ घालून नवी अंगी घातली होती, काजळ लावलं होतं. ती सरळ काकांपाशी गेली, त्यांचे हात गुडघ्यांवरून बाजूला केले आणि मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

मुलीने आधी त्यांचा चष्मा ओढला, मग खिशातलं पेन. काकांनी तिला सावरलं. थोड्या वेळाने तिने त्यांची विजार चांगली भिजवली. मी उचलायला पुढे झाले, त्यांनी हाताने थांबवलं. "राहू दे," ते म्हणाले. "बसू दे जरा." दामू टेकू आवरत होता, त्याने ते खाली ठेवले आणि ओटीच्या पायरीवर बसला. शिवाही आला. आम्ही कोणी उठलो नाही. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपून गेली, आणि पाच वाजताची एसटी गेली तरी काका तसेच बसून होते.